चकाकी राहू द्या, आधी आटे मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चवथ जवळ आली की आपल्याकडची घरं माळ्यापासून पडवीपर्यंत झाडून निघतात, आणि त्या झाडलोटीत आजोबांच्या सायकलीचा नंबर हमखास लागतो. भंगारवाला काटा लावतो, लोखंडाचा भाव सांगतो आणि सायकल टेम्पोत चढते. अलीकडे आणखी एक गिऱ्हाईक तयार झालं आहे. कॅफेच्या दाराशी कुंडी टांगायला पोपटी रंग फासलेली सायकल त्याला हवी असते. उरलेलं गिऱ्हाईक म्हणजे आमच्यासारखे हौशी, जुन्या सायकली चालत्या करणारे आणि त्यासाठी एकमेकांकडून सुटे भाग घेणारे-देणारे. भंगारवाला वजन बघतो, कॅफेवाला रंग बघतो. पण हौशी मंडळींतले निम्मे जण नुसती क्रोमची चकाकी बघून भाग घेतात आणि आटे बघायचे विसरतात, ही खरी तक्रार आहे. चुकीच्या आट्यांचा भाग ठोकून बसवण्यात जेवढ्या चांगल्या फ्रेमी गेल्या, तेवढ्या गंजानेही गेल्या नसतील.

गोव्यात इंग्लिश सायकली सापडण्याला कारण आहे. देशात सायकलींचे कारखाने निघाले ते असे: १९४९ साली अंबत्तूरला टीआय, १९५१ ला सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ ला लुधियान्याला हीरो उभी राहिली. गोव्यावर मात्र १९५५ च्या सुमारास भारताची आर्थिक नाकेबंदी होती. १९६१ पर्यंत इथला माल मुरगाव बंदरात थेट बाहेरून उतरायचा. त्यामुळे रॅले, हंबर, रज, बीएसए ही नावं इथल्या जुन्या घरांत अजून निघतात. पुढच्या काळातल्या भारतीय बनावटीच्या सायकलीही त्याच साच्याच्या असल्यामुळे वरवर पाहता सगळे भाग एकमेकांना बसतील असं वाटतं. घोटाळा तिथेच होतो.

पायडलच्या एक्सलचा जो आडवा नळा असतो, ज्याला दुकानात बीबी म्हणतात, त्याच्या दोन्ही टोकांना फिरवून बसवायच्या कपांचं सर्वसाधारण इंग्लिश माप १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःचं वेगळं माप धरलं: व्यास १ ३/८ इंच, म्हणजे जवळजवळ तेवढाच, पण आटे इंचाला २६. व्यास सारखाच असल्यामुळे २४ चा कप २६ च्या नळ्यात एखाद-दुसरा फेरा बोटांनी आरामात जातो. मग अडतो. अडला की ‘गंज धरलाय’ म्हणून पाना लागतो, पाना पुरेना म्हणून पान्याला पाइप लागतो, आणि दोन्हीकडचे आटे मरतात. कप मेला तर दुसरा शोधता येतो, नळ्याचे आटे मेले की फ्रेम भिंतीवर टांगण्यापुरती उरते. यावर काही जण लेथवाल्याकडून २४ चा टॅप मारून घेतात. तोही उपाय नव्हे. २६ च्या खाचांवरून २४ च्या खाचा गेल्या की धरायला पुरेसा धातूच उरत नाही, आणि दर आठवड्याला कप सैल होत राहतो.

मोजायला व्हर्निअर लागत नाही. पोलादी फूटपट्टी कपाच्या आट्यांवर आडवी धरा आणि अर्ध्या इंचातले आटे मोजा. १२ भरले तर २४ चं माप, १३ भरले तर २६ चं. कप आखूड असेल तर ज्याचं माप माहीत आहे असा कप त्याच्या आट्यांत आटे घालून उजेडाकडे धरा, दोघांमधून उजेड दिसला तर माप वेगळं. चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, दांड्यावर जो हेडसेट बसतो त्यालाही हीच परीक्षा लावायची, कारण तिथेही रॅले २६ आणि बाकीचे बहुतेक २४. हे काम भाग घेण्याआधीचं आहे. घरी आणून मग मोजणं म्हणजे पंचांग लग्नानंतर उघडणं.

बॅजवर विसंबू नये. हंबर १९३२ मध्ये आणि रज १९४३ मध्ये रॅलेच्या ताब्यात गेली. त्यामुळे १९५० सालची हंबर बॅजने हंबर असली तरी आट्यांनी रॅले असते. बीएसएच्या सायकली बर्मिंगहॅमच्या, पण तो धंदाही १९५७ मध्ये रॅलेने घेतला, म्हणून त्या सुमाराच्या बीएसएच्या बाबतीत अंदाज न बांधता मोजूनच घ्यावं.

आणखी एक. चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. डाव्या पायडलचंही तसंच. हे माहीत नसलेला माणूस कप सोडवतोय असं समजून आवळत बसतो. खरं सांगायचं तर तो उजवा कप काढायचीच गरज फारशी नसते. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून आतून पुसा आणि टॉर्चने बघा. छर्रे फिरतात त्या वाटेवर खड्डे नसतील तर कप आहे तिथेच राहू द्या, नवे छर्रे आणि नवं ग्रीस भरा. बीबीला पाव इंची छर्रे, दर बाजूला ११. मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, तेच पाव इंची, पण दर बाजूला ९. पुढच्या हबला ३/१६ इंची, दर बाजूला १०. एखादाच छर्रा बदलू नका. झिजलेल्या छर्‍यांमध्ये एक नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो आणि तोच कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता भाग, खातो. (या सगळ्या कामाला आपल्याकडचे मिस्त्री ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. मूळ शब्द काहीही असो, हा जास्त अर्थपूर्ण आहे.)

आता चेनव्हीलबद्दल, म्हणजे पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राबद्दल. भिंतीवर लावायची वस्तू म्हणून सर्वात आधी तेच विकलं जातं, कारण ते सुंदर असतं. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची मान कापलेली असते, रजमध्ये हाताचा पंजा, हंबरमध्ये कडं करून उभी असलेली पाच माणसं, बीएसएमध्ये तीन अक्षरं. पण या सायकलींचा उजवा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, चेनव्हीलमध्ये दाबून कायमचा बसवलेला असतो. चेनव्हील गेलं की उजवा क्रँकही गेला, डावा क्रँक एकटा उरला, आणि दोघांना धरणारा एक्सल व क्रँक त्यावर अडकवणाऱ्या त्याच्या मापाच्या पाचरी, म्हणजे कॉटर, चार वेगवेगळ्या डब्यांत गेले. क्रँकच्या लांब्याही दोन चालतात, साडेसहा इंची आणि सात इंची. जोडी जमवताना एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच लांब पडतो तो असा. विकणाऱ्याला आग्रहाने सांगावं: चेनव्हील, दोन्ही क्रँक, एक्सल, कप हे एका पिशवीत. तोडून विकायचंच असेल तर मडगार्डं विका.

कॉटर हा दोन रुपयांचा भाग असल्यासारखा वागवला जातो, आणि सर्वात जास्त नुकसान तोच करतो. इंग्लिश क्रँकला ९.५ मि.मी.चा कॉटर लागतो. दुसरीकडे ९ मि.मी.चेही मिळतात, ते हाताने घातले तर सरळ आरपार जातात आणि मग पत्र्याची पट्टी घालून बसवले जातात. असं करू नये. काढताना नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवा. क्रँकच्या खाली, कॉटरच्या डोक्याभोवती बसेल असा जाड पाइप जमिनीवर उभा टेकवा, म्हणजे हातोड्याचा मार छर्‍यांवर न जाता जमिनीत जाईल. मग एकच ठाम ठोका. चार हलके ठोके मारले की आट्यांचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि मग ड्रिलच काढावं लागतं. बसवताना दोन्ही कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे. एकाच दिशेने घातले तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. कॉटर जागेवर बसतो तो ठोकण्याने, नट त्याला फक्त धरून ठेवतो. नट आवळून कॉटर ओढायला गेलात तर मऊ पोलादाचे आटे निघून येतात. पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एक ठोका आणि नटाला थोडा ताण. दर फेर्‍याला एकदा ‘टक्’ असा आवाज आला की समजावं, कॉटर सैल आहे. तसंच चालवत राहिलं तर एक्सलवरची सपाट जागा गोलावते, आणि तसा एक्सल पुन्हा मिळवणं म्हणजे दुसरी सायकल शोधण्याइतकंच काम.

हौशी लोकांच्या देवाणघेवाणीत सर्वात भाव खाणारी वस्तू म्हणजे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब. त्याच्या पोटावर मॉडेलच्या अक्षरांशेजारी आकडे कोरलेले असतात. १९५० च्या दशकातल्या हबवर दोन आकडी वर्ष आणि त्यानंतर महिना. ५६ आणि ८ असं दिसलं तर ऑगस्ट १९५६. ती हबची जन्मतारीख, सायकलीची नव्हे, कारण चाकं बदलली जातात. पण फ्रेम, हब आणि घरातल्यांनी सांगितलेलं खरेदीचं साल जुळत असेल तर ती सायकल फोडून विकणं खरोखर पाप आहे. हबला बफ मारून चकचकीत करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: बफने पहिले जातात ते हे आकडे.

‘गिअर सटकतात, हब गेला’ म्हणून एडब्ल्यू स्वस्तात विकला जातो तेव्हा बहुतेक वेळा हब धडधाकट असतो. या हबमध्ये मधल्या आणि वरच्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते, तिथे पायडल मोकळं फिरतं. केबल थोडी ढिली किंवा ताठ असली की हब तिथे घसरतो आणि उभ्याने पायडल मारणारा माणूस तोंडावर आपटतो. जुळवायची रीत सोपी आहे. लिव्हर मधल्या गिअरवर ठेवा, उजव्या नटाच्या खिडकीतून आत बघा, केबलला जोडलेल्या बारीक साखळीच्या दांडीची कड एक्सलच्या टोकाशी सपाट आली पाहिजे. आली नाही तर केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवा. ही बारीक साखळी तुटलेली असेल तरी हब टाकू नका. ही कंपनी २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेली, आणि ती साखळी आजही नवी मिळते. तेलाच्या झाकणातून पातळ यंत्राचं तेल थोडं थोडं घालायचं, ग्रीस नको. खोबरेल तर नकोच. ते थिजतं, आतली कुत्री, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, चिकटतात, आणि मग खरोखर गिअर सटकतात.

डायनोहब, म्हणजे पुढच्या हबमध्येच बसवलेला ६ व्होल्टचा डायनमो, हाती आला तर एक पथ्य. आतलं गोल चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्यांचा भाग कुतूहलापोटी एकमेकांपासून ओढून वेगळा करू नका. मध्ये मऊ लोखंडाचं कडं सरकवल्याशिवाय ते वेगळं केलं की चुंबकाची ताकद तिथल्या तिथे उतरते. पुन्हा जोडलं तरी दिवा मिणमिणताच राहतो. बाहेरून पाहून हा दोष कळत नाही. म्हणून असा हब घेताना चाक हाताने जोरात फिरवून ६ व्होल्टचा बल्ब पेटवून बघा, आणि विकणाऱ्याने ‘मी उघडून साफ केलाय’ असं अभिमानाने सांगितलं तर भाव पाडा.

साध्या हबबाबत मुख्य चूक वेगळीच होते. रिम सडलं म्हणून तारा कापून हब सुटा काढतात आणि मग लक्षात येतं की फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चक्र, अडकलेलं आहे. फ्रीव्हील फिरवायला पकड हवी ती चाकाचीच. तेव्हा आधी फ्रीव्हील काढा, मग तारा कापा. इंग्लिश चाकांना पुढे ३२ आणि मागे ४० तारा, आपल्या काळ्या सायकलींनाही तेच गणित. त्यामुळे हब इंग्लिश आणि रिम लुधियान्याचं असा संसार उत्तम चालतो. रिम मात्र रॉड ब्रेकचं हवं, ज्याच्या आतल्या अंगाला ब्रेकचे रबर खालून वर दाबले जातात. केबल ब्रेकचं सपाट बाजूचं रिम घातलंत तर रॉड ब्रेकला टेकायला जागाच नाही.

टायरच्या नावांनी तर भल्याभल्यांना फसवलं आहे. काळ्या सायकलीचा २८ गुणिले १ १/२ म्हणजे ६३५ मि.मी.ची बैठक, रिमवर टायर बसतो तिथला व्यास. शहरातल्या नव्या दुकानात ‘२८ इंची’ म्हणून जो टायर देतात तो ६२२ चा असतो, तेरा मिलिमीटरने लहान. २६ गुणिले १ ३/८ म्हणजे ५९०, पण गिअरच्या जाड टायरच्या सायकलीचा ‘२६’ म्हणजे ५५९. इंचांवर जाऊ नका, टायरच्या कडेवर कोरलेला तीन आकडी अंक वाचा. आपल्याकडे ६३५ चे टायर, ट्यूबा, ब्रेकचे रबर अजून साध्या दुकानात मिळतात याचं बरंचसं श्रेय पोदेराला आहे. पावाची टोपली आणि भोंपू घेऊन तो रोज पहाटे त्याच चाकांवर फिरतो. त्यांच्यातले काही स्कूटरवर गेले आहेत, तेव्हा दोन टायर जास्तीचे घेऊन ठेवायला हरकत नाही.

पावसाळ्याबद्दल. आपल्या हवेत सायकल बाहेरून गंजते त्यापेक्षा आतून जास्त गंजते. सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी बीबीच्या नळ्यात साठतं. म्हणून फ्रेम घेताना ती उलटी करून हलवा, आत गंजाची रेती खुळखुळते का ऐका, आणि नळ्याच्या पोटाला नखाने नव्हे, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. गंज काढायला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड चांगलं. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, रात्रभर, हातमोजे घालून, स्वयंपाकघरातली बादली न वापरता, कारण ते विषारी आहे. जास्त वेळ ठेवलं तर पिवळट साय चढते. बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, कोरडं करा, लगेच तेल लावा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. बिंबलांच्या आंबट रसातही हेच आम्ल असतं. म्हणून एखादी घंटी, एखादा बोल्ट त्याने चोळून साफ होतो, पण अख्ख्या रिमला झाडभर बिंबलं लागतील आणि घरचे लोणच्याचा हिशेब मागतील. सोनेरी रेघा आणि नावं असलेल्या रंगावर थिनर किंवा पेट्रोल फिरवू नका. ती नावं रंगवलेली नसतात, चिकटवलेली असतात आणि एका पुसण्यात निघून येतात. पातळ साबणपाणी, मऊ फडकं, एवढंच.

कातडी सीटला खोबरेल पाजणारेही बरेच. त्याने बुरशी जात नाही, कातडं मात्र मऊ पडून झोळीसारखं लोंबतं. बुटाचं मेणाचं पॉलिश, तेही थोडं. पुढचा ताणाचा बोल्ट एका वेळी पाव फेरा.

देवाणघेवाण करताना फोटोबरोबर फूटपट्टी दिसली पाहिजे, आणि आटे, भोकांची संख्या, लांबी लिहूनच कळवावी. ‘ओरिजिनल आहे’ हे माप नव्हे. पार्सलने चिमटा पाठवायचा असेल तर त्याच्या दोन पायांत जुना एक्सल नटांसकट बसवा, नाहीतर वाटेत पाय आत दबतात. आट्यांवर ट्यूबचा तुकडा ओढा. हब पाठवताना तेल निथळू द्या आणि एक्सलचे नट वरच राहू द्या. आणि अख्खी सायकल घेताना साध्या कागदावर पावती करा. सायकलीला मोटारीसारखं नोंदणीचं पुस्तक नसतं, म्हणून सीटखालच्या जोडावर किंवा बीबीच्या पोटावर ठोकलेला फ्रेम नंबर त्या कागदावर हवा. चोरीचा माल हौशी लोकांत फिरू लागला की सगळ्यांचीच हौस फिटते.

ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांनी ती भंगारात घालण्याआधी धुऊ नये, रंगवू नये, आणि सीटमागे लटकलेली कातडी पिशवी झटकून उकिरड्यावर टाकू नये. या सायकलींचे नट जुन्या इंग्लिश मापाचे, आपले मिलिमीटरचे पाने त्यांच्या कडा गोल करून टाकतात. त्या पिशवीत कधीकधी गंजून काळा पडलेला एक चपटा पाना निघतो. सगळ्या नटांना बरोबर बसणारा तोच.

आपले,
जुन्या सायकलींचे काही हौशी
फोंडा, गोवा